फिरत्या घरांतील दोन टाक्या

आश्विन पौर्णिमेच्या सुमारास जे तुळजापुरास गेले असतील, त्यांना मुक्कामाची जागा मिळविण्याची यातायात सांगावयास नको. अशा वेळीं निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली गाडी ज्यांच्यापाशीं असते, त्यांचा हेवा वाटतो. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं अशा गाड्यांच्या पर्यटनाचें धोरणच जाहीर केलें. परंतु त्या गाडींतील चुलीचा विचार करावा तितका कोणी करीत नाहीं.

एकदां आम्ही नळदुर्गचा पाणीमहाल पाहून किल्ल्याबाहेर गाडींतच रात्र काढली. पहाटे नातवाचें दूध तापवितांना ज्योत मंदावली आणि विझली. गॅसच्या टाक्या दोन होत्या. पण दोहोंच्या तोट्या मीं उघड्या ठेविल्या होत्या, म्हणून दोन्ही बरोबरच संपल्या. दोन उघड्या टाक्या म्हणजे एकच मोठी टाकी, हें मला तेव्हां उमगलें.

योग्य रचना अशी. प्रत्येक टाकीची नळी मधल्या रेग्युलेटरास येते आणि त्यावरील खटका एका वेळीं एकाच टाकीचा मार्ग मोकळा करितो. दोन्ही नळ्यांना गॅस मागें न जाऊं देणारी झडप हवी. नाहीं तर रिकामी टाकी काढतांना भरलेलीचा गॅस सुट्या नळीवाटे बाहेर येईल. स्वयंचलित रेग्युलेटरांत पहिल्या टाकीचा दाब उतरला कीं दुसरी आपोआप सुरू होते व खुणेची खिडकी लाल होते. सोय उत्तम, मात्र ती खिडकी पाहण्याची संवय नसेल तर दुसरीही नकळत संपते. हातानें फिरवावयाच्या खटक्यांत ज्योत विझते, हा दोष खरा. तेव्हां आधीं शेगडीची कळ बंद करावी, मगच खटका फिरवावा. विसरभोळ्यांनीं स्वयंचलितच घ्यावा.

परदेशी संचांचा मोह मात्र नको. त्यांची जोडणी आपल्या टाकीच्या तोंडाला बसत नाहीं, आणि कशीबशी बसविलेली जोडणी गाडीच्या हादऱ्यांनीं सैल होते. थंड देशांत प्रोपेनच लागतो, कारण ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वाफ होण्याचें थांबतो. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप राहतो. आपल्या घरगुती गॅसांत दोन्ही असतात, आणि बालाघाटावरील हिंवाळ्याला तें मिश्रण पुरतें.

खरी भीति गळतीची. हा गॅस हवेपेक्षां दीडपट ते दुप्पट जड असल्यानें तळाशीं सांचतो, आणि गाडींत माणसें तळाजवळच निजतात. म्हणून टाक्यांचा कप्पा आंतून पूर्ण बंद व खालून बाहेरच्या हवेस मोकळा असावा. टाक्या उभ्याच, पट्ट्यानें आवळलेल्या असाव्यात. आडव्या टाकींतून द्रवच नळींत शिरतो. प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेंस लावून बुडबुडे पाहावेत. काडी ओढून कधींही नव्हे.

घरची १४.२ किलोची टाकी गाडींत घालूं नये. ती घरासाठींच दिलेली असते. इंडियन ऑइलची ‘छोटू’ नांवाची ५ किलोची टाकी पत्त्याच्या पुराव्यावांचून मिळते. तशा दोन पुरतात. रिकाम्या टाकीचें वजन तिच्यावरच कोरलेलें असतें. कांट्यावर तोलून तें वजा केलें कीं उरलेला गॅस कळतो. निघण्याच्या आदल्या रात्रीं आम्ही हल्लीं तेवढें करतों.