तीन चाकी बाबागाडी आणि पळण्याची घाई

"तीन चाकी आहे ना, मग ही जॉगिंगचीच. बाळाला बसवायचं आणि निघायचं!"

दुकानात, सोसायटीच्या बागेत, सकाळी टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सगळीकडे हे वाक्य कानावर येतं. विक्रेता ते ठासून सांगतो. अमेरिकेतली मावशी सुट्टीत येताना तीन चाकी गाडी घेऊन येते, तेव्हा तीही हेच सांगते. नव्यानं पळायला लागलेले आईबाप त्यावर विश्वास ठेवतात, कारण बाळ झाल्यावर बंद पडलेला व्यायाम पुन्हा सुरू करण्याची वाट त्यांना त्यात दिसते. त्यांची ओढ मला समजते. पण ते वाक्य चूक आहे, आणि त्या चुकीचा भार बाळाच्या मानेवर येतो. म्हणून बाकीचे गैरसमज जरा बाजूला ठेवून आधी याचाच समाचार घेते.

पळण्यासाठी बनवलेली बाबागाडी बहुतेक वेळा तीन चाकी असते, हे खरं. उलट मात्र खरं नाही. तीन चाकांच्या पुष्कळ गाड्या फक्त चालण्यासाठी असतात. हा गोंधळ गाडीच्या इतिहासातून आला आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात फिल बेकलर या धावपटूनं लहान मुलाला पळताना सोबत नेता यावं म्हणून बाबागाडीला सायकलची चाकं लावून पाहिली. त्यातून १९८४मध्ये 'बेबी जॉगर' कंपनी उभी राहिली. त्या गाडीचं पुढचं चाक सरळ बसवलेलं होतं, वळत नव्हतं. वळायचं तर हँडल दाबून पुढचं चाक उचलायचं आणि गाडी फिरवायची. पुढे इतर कंपन्यांनी तीन चाकांचा तो रुबाबदार आकार शहरी गाड्यांना दिला आणि पुढचं चाक गोल फिरणारं केलं, कारण दुकानांत आणि फूटपाथवर वळायला तेच सोयीचं. आकार राहिला, काम बदललं.

याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा त्याच कंपनीकडे आहे. बेबी जॉगरची 'सिटी मिनी' ही तीन चाकी गाडी जगभर विकली जाते, आणि ही गाडी घेऊन पळू नका, अशी सूचना कंपनीच देते. पळणाऱ्यांसाठी त्यांची 'समिट एक्स३' ही वेगळी गाडी आहे. जिच्या नावातच जॉगर आहे ती कंपनी आपल्याच तीन चाकी गाडीबद्दल 'पळू नका' म्हणते, आणि आपल्याकडे काउंटरमागचा माणूस छातीठोकपणे 'पळा' म्हणतो!

मग फरक कशात? सगळ्यात आधी पुढच्या चाकात. गोल फिरणारं चाक चालण्याच्या वेगात मुकाट वागतं. वेग वाढला की ते डावी-उजवीकडे थरथरायला लागतं. डी-मार्टमधली ट्रॉली जोरात ढकलली की तिचं पुढचं चाक फडफडतं, तसंच. थरथरणारं चाक एखाद्या खड्याला किंवा पेव्हर ब्लॉकच्या उचललेल्या कडेला लागून आडवं झालं, तर गाडी जागच्या जागी अडते, मागची बाजू उचलली जाते आणि पळणारा माणूस सगळ्या वजनानिशी हँडलवर येतो. म्हणून पळण्याच्या गाडीत पुढचं चाक सरळ ठेवून लॉक करण्याची सोय असते आणि पळताना ते लॉक करणं सक्तीचं असतं. लॉक आहे की नाही हे दुकानात उभ्या उभ्या कळतं. खाली वाका आणि पुढच्या चाकावर खटका, खुंटी किंवा गोल बटण आहे का पाहा. ते लावून चाक हातानं दोन्ही बाजूंना वळवून पाहा. जरासुद्धा खुळखुळलं तर ती गाडी पळण्याची नाही.

बाकीच्या खुणा त्यानंतर. पळण्याच्या गाडीची पुढची आणि मागची चाकं एकमेकांपासून लांब असतात, म्हणजे गाडी लांबट असते. चाकं मोठी, मागची बरेचदा १६ इंचांची आणि पुढचं १२ इंचांचं किंवा त्याहून मोठं. आसनाखाली धक्के शोषणारं सस्पेन्शन असतं. हँडलला एक पट्टा असतो, तो मनगटात अडकवायचा. उतारावर पाय घसरला तरी गाडी हातातून सुटू नये म्हणून तो आहे, आणि बाणेर-पाषाणच्या टेकड्यांच्या पायथ्याचे रस्ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. तरी लोक तो पट्टा हँडललाच गुंडाळून ठेवतात. काही गाड्यांना वेग कमी करण्यासाठी हातानं दाबायचा ब्रेकही असतो. पायानं लावायचा ब्रेक फक्त गाडी उभी करण्यासाठी असतो, तो चालत्या गाडीला लावायचा नसतो.

समजा, गाडी खरोखर पळण्याची आहे. मग लगेच पळायचं का? नाही, आणि इथे माझा संयम सुटतो. आपल्याकडे सव्वा महिना झाला की बाळ घराबाहेर पडायला लागतं, आणि त्याच सुमाराला 'आता याला घेऊन पळते' हा बेत ठरतो. नव्या बाळाचं डोकं शरीराच्या मानानं मोठं आणि जड असतं, मान धरायला महिने लागतात. चालताना बसणारे धक्के आणि पळताना पावलागणिक बसणारे धक्के यांत फार फरक आहे. या गाड्या बनवणाऱ्यांनाच विचारा. अमेरिकेतली 'बॉब' कंपनी सांगते की बाळ किमान आठ महिन्यांचं झाल्याशिवाय गाडी घेऊन पळू नका. स्वीडनची 'थुली' सहा महिने म्हणते, आणि तेही डॉक्टरांना विचारून. गाडी विकून ज्यांना पैसे मिळतात तेच थांबा म्हणताहेत. बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर हे महिने जन्मतारखेपासून मोजायचे नाहीत, डॉक्टरांनी दिलेल्या अपेक्षित तारखेपासून मोजायचे.

"शेजारचे तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन पळतात, काही झालं नाही," असं उत्तर येतं. शेजाऱ्यांचं नशीब म्हणजे पुरावा नव्हे. मोटारीत लावायची बाळाची सीट गाडीवर अडकवली की बाळ सुरक्षित, मग पळायला हरकत नाही, अशीही एक पळवाट काढली जाते. ती बंद करा. सीट अडकवलेल्या अवस्थेत पळू नका, असं कंपन्या वेगळं बजावतात. तशी गाडी चालण्यापुरतीच.

यात आईचं नुकसान नाही. ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९मध्ये बाळंतपणानंतर पुन्हा पळायला लागण्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांच्या मते, बाळंतपणाला तीन महिने होईपर्यंत पळणं सुरू करू नये, आणि त्यानंतरही ओटीपोटाचे व कमरेखालचे स्नायू तपासून घ्यावेत. म्हणजे सुरुवातीचे महिने दोघांसाठीही चालण्याचेच. पुढे आईचं पळणं सुरू झालं तरी बाळाला तेवढा वेळ आजीकडे ठेवता येतं.

पळण्याची खरी गाडी घेतली आणि बाळही मोठं झालं, तरी एक जागा रोज पाहायलाच हवी. पुढचं चाक काढता यावं म्हणून बऱ्याच गाड्यांना सायकलसारखी क्विक रिलीजची पट्टी असते. ती पट्टी नीट आवळलेली नसेल तर चाक पळताना निसटू शकतं. हे नुसतं कल्पनेतलं नाही. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानं फेब्रुवारी २०१८मध्ये 'बॉब' गाड्या विकणाऱ्या ब्रिटॅक्स कंपनीविरुद्ध याच कारणावरून कारवाई सुरू केली. प्रश्न जवळपास पाच लाख गाड्यांचा होता, आणि पुढचं चाक सुटून मुलं आणि मोठी माणसं जखमी झाल्याच्या तक्रारी होत्या. पट्टी नीट लावली तर गाडी सुरक्षित आहे, अशी कंपनीची बाजू होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तडजोड झाली आणि ग्राहकांना चाक नीट कसं बसवायचं हे शिकवण्याची मोहीम ठरली. तुम्ही कुणाची बाजू खरी माना, काम तेच उरतं. निघण्याआधी गाडी पुढून उचला, चाकाला हातानं खाली ओढून बघा, पट्टी घट्ट आहे ना पाहा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

बाकीचे गैरसमज आता भराभर.

तीन चाकी गाडी कलंडते, असं आजी-आजोबा म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. तीन टेकूंचा त्रिकोण होतो, चारांचा चौकोन, आणि पुढच्या कोपऱ्याकडे तिरकं वजन गेलं की त्रिकोण लवकर हार मानतो. एक मागचं चाक फूटपाथवर आणि बाकीची गाडी खाली, अशा अवस्थेत तीन चाकीला जपायलाच हवं. पण मागची चाकं एकमेकांपासून लांब असतील आणि आसन खाली असेल, तर चांगली तीन चाकी गाडी एखाद्या उंच, अरुंद चार चाकीपेक्षा जास्त स्थिर असते. युरोपच्या ईएन १८८८ मानकानुसार बाबागाड्या उतारावर ठेवून तपासतात, त्यात तीन चाकीला सूट नाही. गाडी प्रत्यक्षात उलटते ती बहुधा हँडलला अडकवलेल्या भाजीच्या पिशव्यांमुळे. बाळाला उचललं की पुढचं वजन जातं आणि गाडी पाठीवर पडते. चाकं तीन असोत की चार, पिशव्या खालच्या जाळीत ठेवा.

आपल्या खडबडीत रस्त्यांना हवा भरलेली चाकंच हवीत, हे अर्धं खरं. धक्का ती सगळ्यात छान गिळतात. पण बाभळीचा काटा त्यांनाही सोडत नाही. पंक्चरच्या दुकानात हवा भरायला नेलीत तर आधी टायरच्या कडेवर छापलेला दाब दाखवा. या टायरांना स्कूटरच्या टायरसारखाच व्हॉल्व्ह असतो, म्हणून कॉम्प्रेसरची नळी सहज बसते आणि दोन सेकंदांत ट्यूब फाटते. हातपंप बरा. रोज सोसायटीच्या आवारातच फिरायचं असेल तर भरीव फोमची चाकं पुरतात.

मोठी गाडी म्हणजे चांगली गाडी, हाही एक समज. पळण्याच्या गाडीचं वजन अकरा-बारा किलोंच्या आसपास जातं. जुन्या इमारतीत, लिफ्ट नसताना, कडेवर बाळ घेऊन तिसऱ्या मजल्यावर ती चढवून बघा. विकत घेण्याआधी लिफ्टचं दार आणि मोटारीची डिकी टेपनं मोजा.

ऊन लागू नये म्हणून गाडीवर दुपटं टाकणं बंद करा. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजून दाखवलं आहे की कोरड्या मलमलीनंसुद्धा आतलं तापमान दोन-अडीच अंशांनी वाढतं, आणि जाड कापडानं त्याहून जास्त. ओलं मलमल आणि सोबत छोटा पंखा असेल तर ते उतरतं, पण मुंबईच्या दमट हवेत कापड लवकर सुकत नाही, म्हणून तिथे हा उपाय कमी पडेल. एप्रिल-मेमध्ये दुपारी बाळाला बाहेर काढूच नका, हे बरं.

"बाळ अजून हलत नाही, पट्टा कशाला?" बाळ हलत नसलं तरी गाडी हलते. खांद्यांवरून, कमरेवरून आणि पायांमधून येणारा पाच ठिकाणचा पट्टा प्रत्येक वेळी लावा.

बसक्या आसनात झोपलेलं बाळ तसंच तासभर राहू द्यायला हरकत नाही, हेही चूक. लहान बाळाची मान पुढे झुकली की श्वास अडू शकतो. पहिले काही महिने पूर्ण आडवं होणारं आसन हवं, आणि घरी आलं की बाळाला सपाट, टणक गादीवर निजवा.

शेवटचा गैरसमज नातेवाइकांकडून मिळालेल्या जुन्या गाडीबद्दलचा: परदेशातली आहे, म्हणजे उत्तमच असणार. गाडीच्या सांगाड्यावर खालच्या बाजूला एक चिकटपट्टी असते, तिच्यावर मॉडेलचा क्रमांक आणि बनवल्याची तारीख छापलेली असते. तो क्रमांक कंपनीच्या आणि अमेरिकेच्या सुरक्षा आयोगाच्या परत मागवलेल्या गाड्यांच्या यादीत आहे का, हे आधी पाहा. चिकटपट्टी खरवडून गेली असेल आणि मॉडेल कळत नसेल, तर ती गाडी बाळासाठी वापरू नका.