एका पट्ट्याची किंमत

बेळगावहून गोवा एक्स्प्रेसमध्ये बसले की गाडी न बदलता थेट ग्वाल्हेरला उतरता येते. आपल्या भागाला ग्वाल्हेर ठाऊक आहे ते गाण्यामुळे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी तिथली गायकी आत्मसात केली आणि ती महाराष्ट्रात रुजवली. माझे नाते मात्र मावशीमुळे. लष्कर भागात, नया बाजारात तिचे घर आहे. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये इथे आपला तळ कायम केला, म्हणून या वस्तीला लष्कर म्हणतात. तेव्हापासून अनेक मराठी घराणी तिथलीच होऊन गेली. मावशीच्या बोलण्यात आता निम्मे हिंदी असते, जसे आपल्या बोलण्यात निम्मे कन्नड!

गेल्या हिवाळ्यात तिच्याकडे गेलो होतो. सकाळी माडीवर चहा घेत खाली बाजार पाहत बसलो. हातगाड्या, टेम्पो, आणि त्यांच्यामधून पाठीवर पोते घेऊन वाट काढणारे पल्लेदार. आपण ज्यांना हमाल म्हणतो त्यांना तिकडे पल्लेदार म्हणतात. आपल्या बाजारात ‘सरीरी, सरीरी’ अशी हाळी येते, तिथे ‘हटो भैया’. पोते मात्र तेच, आणि वाकलेली पाठही तीच. गोणी हा शब्द मराठीत आहे, कन्नडमध्ये ‘गोणी चीला’ आहे आणि इंग्रजांनीही तोच उचलून ‘गनी’ केला.

“पाठीवरचं ओझं उतरवायला यंत्र आलं,” शेजारी बसलेला दादा म्हणाला, “पण यंत्रासोबत पिशवी नीट निवडली नाही, तर ओझं पाठीवरून पायावर पडतं.”

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. शहराबाहेरच्या एका कारखान्यात तो खरेदी विभागात होता. आता निवृत्त झाला आहे. ही गोष्ट त्याने त्या दिवशी प्रथमच मला सांगितली.

दादाची गोष्ट

कारखान्यात भुकटीचा कच्चा माल टनाटनाच्या जंबो बॅगांतून हलवला जाई. एका वर्षी दादाने थोड्या कमी दराच्या पिशव्या घेतल्या. पिशवीमागे वीस-पंचवीस रुपये वाचले. वरिष्ठांनी कौतुकही केले. त्या पिशव्यांचे पट्टे कडेच्या शिवणीत शिवलेले होते. पिशवी भरली की ते खाली लोंबत. त्यामुळे फोर्कलिफ्ट पुढे आली की एका कामगाराला जवळ उभे राहून पट्टे हाताने वर धरावे लागत, मग चालक त्यांत फोर्क, म्हणजे पुढचे दोन लोखंडी दांडे, घाली. त्यातून पिशव्या उन्हाळाभर उघड्या आवारात पडून होत्या. एके दिवशी उचलताना एक पट्टा तुटला, सगळा भार उरलेल्या पट्ट्यांवर आला आणि पिशवी कलंडली. पट्टे धरणाऱ्या माणसाच्या पायाचा पंजा चिरडला.

“मी भाव पाहिला, पट्टा पाहिला नाही,” दादा म्हणाला. “तो तुटला हे तर वाईटच. पण दुसऱ्या ठेवणीचा पट्टा घेतला असता, तर तो माणूस तिथं उभाच राहिला नसता रे.”

मी महाविद्यालयात मालहाताळणीचे प्रकरण शिकवतो. ‘प्रति टन खर्च’ फळ्यावर अनेकदा लिहिला आहे. त्या हिशेबात हा माणूस कधी धरला नव्हता.

ही पिशवी असते तरी कशी?

जंबो बॅग विणलेल्या पॉलीप्रॉपिलीनची असते. साधारण पाचशे किलोपासून दोन टनांपर्यंत माल तिच्यात मावतो, आणि रिकामी असताना घडी घालून ठेवता येते. सिमेंट, खते, रसायने, धान्य, साखर असा सगळा माल त्यातून जातो. भारत आज या पिशव्यांच्या मोठ्या निर्यातदारांपैकी एक आहे.

एरवी पोत्याला माणसाच्या पाठीची मर्यादा असते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 मध्ये प्रौढ पुरुषाने हाताने उचलायच्या ओझ्याची मर्यादा 55 किलो असावी अशी शिफारस केली. आपल्याकडे शंभर किलोची साखरेची पोती वाहिलेले हमाल अजून हयात आहेत. आता ते पोते पन्नास किलोचे झाले आहे. जंबो बॅगला पाठ नको, यंत्र हवे. म्हणूनच ती यंत्राला सोयीची आहे का, हे आधी पाहायला हवे.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

पहिली गोष्ट पट्ट्यांची ठेवण. काही पिशव्यांत पट्ट्याची दोन टोके कोपऱ्याच्या दोन बाजूंना शिवलेली असतात. असा पट्टा कमानीसारखा आपोआप उभा राहतो. चालक एकटाच फोर्क आत घालू शकतो. काहींना पट्ट्याऐवजी वर दोन्ही बाजूंना कापडाचे बोगदे असतात, त्यांतही फोर्क सरळ जातात. शिवणीतल्या लोंबत्या पट्ट्यांना मात्र मदतनीस लागतो. पिशवी स्वस्त पडते, पण ओझ्याजवळ एक माणूस उभा करते.

दुसरी गोष्ट चिठ्ठी. प्रत्येक चांगल्या पिशवीवर सुरक्षित भार आणि त्याचे गुणोत्तर छापलेले असते. 5:1 म्हणजे एक टनाच्या पिशवीने चाचणीत पाच टनांचा ताण सोसला पाहिजे. अशी पिशवी एकदाच वापरायची. पुनःपुन्हा वापरायची असेल तर 6:1 किंवा त्याहून अधिक गुणोत्तराची घ्यावी. पाच पट सोसते म्हणून दीड टन भरू नये. ते गुणोत्तर धक्के, हिसके आणि झीज यांच्यासाठी राखलेले असते.

तिसरी गोष्ट आकार. भरलेल्या पिशवीची उंची तळाच्या रुंदीच्या दुपटीहून अधिक नसावी, नाहीतर ती डुलते. आतून आडवे पडदे शिवलेली पिशवी चौकोनी राहते, फुगत नाही आणि ट्रकमध्ये नीट रचता येते.

चौथी गोष्ट माल आणि ऊन. बारीक भुकटीला आतून अस्तर लागते. भुकटी वेगाने ओतताना स्थिर वीज तयार होते. ज्वालाग्राही वाफा असलेल्या ठिकाणी ‘क’ किंवा ‘ड’ दर्जाची, इंग्रजीत सी किंवा डी प्रकारची पिशवी घ्यावी. सी प्रकारची पिशवी जमिनीशी तारेने जोडावीच लागते. उघड्यावर ठेवायची असेल तर उन्हाला टिकणारे कापड मागावे. साधे पॉलीप्रॉपिलीन उन्हाने ठिसूळ होते, आणि ते डोळ्यांना चटकन दिसत नाही.

पिशवी चांगली असली तरी यंत्र चालवण्याची शिस्त हवीच. दोन्ही फोर्कमधले अंतर पिशवीच्या रुंदीएवढे असावे, म्हणजे पट्टे सरळ उभे राहतात. फोर्कच्या कडा गुळगुळीत किंवा आच्छादलेल्या असाव्यात. चारही पट्टे एकदम उचलावेत, पिशवी जमिनीवर फरफटवू नये, आणि लोंबत्या पिशवीखाली हात घालून तळाचे तोंड सोडू नये. खाली आधाराचा सांगाडा ठेवूनच ते सोडावे.

आपल्या दारातला प्रश्न

हे सगळे ग्वाल्हेरचे म्हणून सोडून देता येत नाही. बेळगावच्या उद्यमबागेत, कोल्हापूरजवळ शिरोलीला फाउंड्र्या आहेत. वाळू आणि बेंटोनाइट अशाच पिशव्यांतून येतात. आपल्यातल्या कितीतरी घरांतला मुलगा, जावई किंवा भाचा तिथे कामाला जातो. महाराष्ट्रात 1969 मध्ये माथाडी कायदा झाला तो डोक्या-पाठीवरून ओझे वाहणाऱ्यांना संरक्षण मिळावे म्हणून. आता ओझे यंत्रावर गेले, पण यंत्राजवळचा माणूस आहेच.

शिवाय वापरलेल्या जंबो बॅगा भंगारवाल्याकडून घराघरांत पोहोचतात. कडब्यावर घालायला, शेण भरायला त्या उपयोगी आहेत. पण आधी त्यांत काय भरले होते हे ठाऊक नसेल, तर त्यांत ज्वारी-तांदूळ साठवू नये. कितीही धुतली तरी विणीत अडकलेले रसायन निघेलच असे नाही. आणि अशी जुनी पिशवी पुन्हा टनाचा भार उचलण्यासाठी तर मुळीच नको.

निघताना दादा मला सोडायला स्टेशनवर आला. वाटेत त्याने त्या कामगाराचा विषय काढला. दर दिवाळीला दादा त्याच्या घरी जातो. “तो मला काही बोलत नाही,” दादा म्हणाला, “चहा देतो.” मग गाडी येईपर्यंत तो गप्पच होता.

परत आल्यावर मी तेच प्रकरण शिकवले. फळ्यावर ‘प्रति टन खर्च’ लिहिला आणि त्याखाली एक प्रश्न घातला : ही पिशवी उचलताना जवळ कोण उभे राहणार आहे? खरेदीच्या कागदावर सही करणाऱ्या प्रत्येकाने तो स्वतःला विचारावा. उत्तर ‘कोणीही नाही’ असे येईल, तीच पिशवी घ्यावी.