घरबांधणीचा ऊर्जाविषयक कायदा व शेतकऱ्याचे घर

बिरवाडीच्या परिसरात जुनी कौलारू घरे उतरवून त्यांच्या जागी सिमेंटच्या स्लॅबची वा पत्र्याची घरे उभी राहत आहेत. वाशांचे लाकूड महागले, कौले दरसाल परतावी लागतात व माकडे ती फोडतात. तेव्हा हा बदल स्वाभाविकच होय. परंतु कौलांच्या फटींतून जी ऊन हवा वर निघून जात असे, ती आता आतच कोंडते आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री घरात उष्णता सोडीत राहतो. परिणामी पंखा अखंड चालतो व विजेचे बिल वाढते. याबाबतीत कायदा काय सांगतो, हे प्रत्येक घर बांधणाराने जाणून घेणे इष्ट आहे.

केंद्र सरकारने २००१ साली ऊर्जा संवर्धन अधिनियम केला. त्याखालील पहिली इमारत-संहिता २००७ साली निघाली, ती व्यापारी इमारतींपुरती होती. २०२२ च्या दुरुस्तीने निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आल्या. तथापि १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करारभार ही किमान मर्यादा असून ती कमी करण्याची मुभा राज्य सरकारांस आहे. बिरवाडीलगतच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या मोठ्या कचेरीचा भार तेवढा असू शकेल. शेतकऱ्याच्या घराचा भार मात्र दोन-चार किलोवॅटच्या आतबाहेर असतो. अर्थात त्याच्यावर हे बंधन नाही.

बंधन नसले तरी त्यातील मापे आपल्या उपयोगाची आहेत. २०१८ ची इको-निवास संहिता ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासांसाठी रचलेली होती. उष्ण व दमट हवामानासाठी तीत असे सांगितले आहे की, बाहेर उघडणाऱ्या खिडक्या, झरोके व दारे यांचे क्षेत्र आतील जमिनीच्या किमान एकषष्ठांश असावे. म्हणजे ३०० चौरस फुटांच्या घरास ५० चौरस फूट. सरकत्या दोन फळ्यांच्या खिडकीचा निम्माच भाग यात धरावा, कारण तेवढाच उघडतो. छपराविषयी नियम असा की, आतबाहेरच्या तापमानात एक अंशाचा फरक असता दर चौरस मीटरमधून १.२ वॅटहून अधिक उष्णता जाऊ नये. उघड्या स्लॅबमधून याच्या दुपटीहून अधिक उष्णता जाते. नुसत्या पत्र्यातून त्याहूनही जास्त.

यास्तव समोरासमोर खिडक्या ठेवाव्या व पडवी काढून टाकू नये, कारण तिच्या सावलीने भिंत तापत नाही. स्लॅबवर मध्ये हवा खेळेल असे अंतर सोडून कौले घालावी. ते न परवडल्यास दर वर्षी उन्हाळ्याच्या आरंभी चुन्याचा पांढरा हात द्यावा. पावसात तो धुपतो. पत्र्याखाली अंतर राखून बांबूच्या तट्ट्यांचे छत करावे. खिडकीची जागा चुकली, तर पुढे भिंत फोडण्याचा खर्च मोठा येतो. म्हणून गवंड्याशी दर ठरवितानाच ही मापे त्यास लिहून द्यावी.