सातवा प्रश्न, चौदावी स्लाइड

स्लाइड शोमध्ये स्लाइड एकामागून एकच सरकतात, असा सर्रास समज आहे. म्हणून वर्गातल्या प्रश्नमंजूषेत मुलांनी मधलाच प्रश्न मागितला की शिक्षक शो बंद करून स्लाइड शोधतात आणि उत्तरं आधीच दिसून जातात. पॉवरपॉइंटमध्ये यासाठी शॉर्टकट (माउसऐवजी कळ दाबून द्यायची आज्ञा) आहे: शो चालू असतानाच स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबायचं. पोथी पहिल्या पानापासून न चाळता हवा तो अध्याय उघडावा, तसं.

मात्र हा क्रमांक स्लाइडचा, प्रश्नाचा नव्हे. त्र्यंबकेश्वरच्या एखाद्या वर्गात गोदावरीवर प्रश्नमंजूषा असेल, पहिली स्लाइड शीर्षकाची आणि प्रत्येक उत्तराला वेगळी स्लाइड असेल, तर ‘ब्रह्मगिरीवर उगम पावणाऱ्या गोदावरीची लांबी किती?’ हा ७ वा प्रश्न १४ व्या स्लाइडवर येतो. ‘१,४६५ किलोमीटर’ हे उत्तर १५ व्या.