व्यावसायिक धावसंघ (दीर्घ पल्ल्याचे)

दीर्घ पल्ल्याच्या धावपटूंना वेतन, मानधन वा निवास देऊन एका प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली त्यांचा नियमित सराव करवून घेणाऱ्या आणि त्यांच्या कामगिरीच्या व लौकिकाच्या आधारे उत्पन्न मिळविणाऱ्या संघटनेस व्यावसायिक धावसंघ म्हणतात. ५,००० मी. ते मॅरॅथॉन (४२.१९५ किमी.) या टप्प्यातील शर्यती हे अशा संघांचे मुख्य कार्यक्षेत्र होय.

फुटबॉल किंवा क्रिकेट यांच्या व्यावसायिक संघांहून धावसंघाचे अर्थकारण मूलतः भिन्न आहे. रस्त्यावरील शर्यत प्रेक्षक विनामूल्य पाहतात. सहभागशुल्क, प्रक्षेपणहक्क व शर्यतीच्या जाहिराती यांचे उत्पन्न आयोजकाकडे जाते, तर पारितोषिकाची रक्कम धावपटूची असते. संघाला स्वतःचे मैदान नसते व तिकिटविक्रीही नसते. त्यामुळे धावपटूंचे नाव, त्यांच्या अंगावरील पोशाख, पायांतील बूट आणि त्यांच्याविषयी लोकांना वाटणारे कुतूहल एवढेच काय ते संघाजवळ विकण्याजोगे असते. हे विकत घेणारा प्रायोजक मिळविणे व टिकविणे ही या व्यवसायाची पहिली गरज आहे. आणि दुखापत, अपयश किंवा प्रायोजकाची माघार यांची झळ कोणी सोसावयाची, हा त्यातील मुख्य प्रश्न आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : पैसे घेऊन धावण्याची प्रथा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड व अमेरिकेत पैजा लावून लांब पल्ल्याच्या चालण्याच्या व धावण्याच्या शर्यती होत. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधील मॅरॅथॉनमध्ये अखेरच्या टप्प्यात कोसळलेला व इतरांनी हात दिल्यामुळे बाद ठरलेला इटलीचा दोरांदो पिएत्री आणि विजेता ठरलेला अमेरिकेचा जॉनी हेझ यांच्यात त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या बंदिस्त क्रीडागृहात व्यावसायिक शर्यत झाली व ती पिएत्रीने जिंकली. तथापि जागतिक ॲथ्लेटिक्स संघटनेच्या (स्थापना १९१२) हौशीपणाच्या नियमांमुळे असे धावणे प्रतिष्ठित क्रीडाक्षेत्राबाहेर राहिले. पैसे स्वीकारल्याच्या कारणावरून फिनलंडचा पाव्हो नुर्मी याला १९३२ च्या लॉस अँजेल्स ऑलिंपिकमध्ये भाग घेता आला नाही.

हे बंधन विसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात सैल झाले. १९८१ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथील कॅस्केड रन ऑफ या शर्यतीत धावपटूंनी उघडपणे पारितोषिकाची रक्कम स्वीकारली. १९८२ मध्ये जागतिक संघटनेने धावपटूंची कमाई विश्वस्त निधीत ठेवण्यास परवानगी दिली. १८९७ पासून चालत आलेल्या बॉस्टन मॅरॅथॉनमध्ये रोख पारितोषिके १९८६ मध्ये सुरू झाली. २००१ मध्ये संघटनेच्या नावातून ‘हौशी’ हा शब्दही गेला. धावणे हा उघड व्यवसाय झाल्यावर धावसंघ हा उघड उद्योग होऊ शकला.

संघांचे प्रकार : मालकी व उत्पन्नाचा मार्ग यांनुसार या संघांचे तीन मुख्य प्रकार पडतात.

(१) कंपनीचे संघ : या प्रकाराचा सर्वाधिक विकास जपानमध्ये झाला. तेथे उद्योगसंस्था धावपटूंना आपल्या सेवेत घेतात. धावपटू दिवसाचा काही भाग कार्यालयात काम करतात व उरलेला वेळ सरावाला देतात. काहींशी केवळ धावण्यापुरता करार असतो. या संघांचे आकर्षणकेंद्र म्हणजे ‘एकिडेन’ ही टप्प्याटप्प्यांनी धावावयाची सांघिक रस्ता-शर्यत. तीत काठीऐवजी खांद्यावरून घेतलेला पट्टा पुढील धावपटूच्या हाती दिला जातो. कंपन्यांच्या पुरुष संघांची राष्ट्रीय एकिडेन १९५७ मध्ये सुरू झाली. १९८८ पासून ती १ जानेवारीस गुन्मा प्रांतात भरते व देशभर दूरचित्रवाणीवर दाखविली जाते. नववर्षाच्या सुटीत घराघरांत दिसणारे कंपनीचे नाव हाच कंपनीला मिळणारा मोबदला होय. आसाही कासेई, टोयोटा, होंडा, फुजित्सु इ. कंपन्यांचे संघ प्रसिद्ध आहेत. धावण्याची वर्षे संपल्यावरही सेवेत असलेल्याची नोकरी बहुधा टिकून राहत असल्याने जोखमीचा मोठा भाग कंपनी उचलते.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. एकिडेनच्या टप्प्यांसाठी होणारा सराव मॅरॅथॉनला मारक ठरतो, अशी टीका होत आली आहे. मॅरॅथॉनकडे लक्ष वेधण्यासाठी कंपनी-संघांच्या महासंघाने २०१५ मध्ये राष्ट्रीय विक्रम मोडणाऱ्यास १० कोटी येनचे पारितोषिक जाहीर केले. ते दोनदा (२०१८ व २०२०) मिळविणारा सुगुरू ओसाको याने मात्र २०१५ मध्येच कंपनीचा संघ सोडून अमेरिकेत सराव सुरू केला होता.

(२) बूट-उत्पादकांचे व स्वतंत्र क्लब : अमेरिकेत धावपटू घडविण्याचे काम मुख्यत्वे विद्यापीठे करतात, परंतु पदवीनंतर धावपटूस आधार उरत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी नायकी या कंपनीने १९७७ मध्ये ऑरेगन राज्यातील यूजीन येथे ॲथ्लेटिक्स वेस्ट हा क्लब सुरू केला. मेरी डेकर, ॲल्बर्टो सालाझार, जोन बेन्वा इ. धावपटू त्यात होते. पुढे अमेरिकन धावपटूंची पीछेहाट झाली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या मॅरॅथॉनमध्ये पुरुष व स्त्रिया या दोन्ही गटांत त्या देशाचा प्रत्येकी एकच स्पर्धक होता.

याच सुमारास लहान भांडवलावर स्वतंत्र संघ उभे राहिले. मिशिगन राज्यात धावण्याच्या बुटांची दुकाने चालविणाऱ्या कीथ व केव्हिन हॅन्सन या बंधूंनी १९९९ मध्ये आपला संघ स्थापन केला. धावपटूंना राहण्यास घर व दुकानात अर्धवेळ काम देऊन त्यांनी खर्चाचा मेळ बसविला. पुढे ब्रूक्स या बूट-कंपनीचे साहाय्य मिळाले. या संघातील ब्रायन सेल याने २००७ च्या राष्ट्रीय निवड-मॅरॅथॉनमध्ये तिसरा क्रमांक मिळवून ऑलिंपिक गाठले. संघाची दुसरी धावपटू डेझिरी लिंडेन २०११ च्या बॉस्टन मॅरॅथॉनमध्ये अवघ्या दोन सेकंदांनी दुसरी आली व २०१८ मध्ये तिने ती शर्यत जिंकली. हॅन्सन बंधूंच्या संघातून धावलेला बेन रोझारियो याने २०१४ मध्ये ॲरिझोना राज्यातील फ्लॅगस्टाफ (उंची सु. २,१०० मी.) येथे नॉर्दर्न ॲरिझोना एलीट हा संघ सुरू केला व पुढे होका या बूट-कंपनीचे प्रायोजकत्व मिळविले. त्यातील ॲलिफीन तुलियामुक हिने २०२० ची अमेरिकन निवड-मॅरॅथॉन जिंकली.

(३) अभिकर्ता-संस्थांचे संघ : नेदर्लंड्सचा धावपटू योस हेरमेन्स (१९५०–  ) याने १९७६ मध्ये एका तासात २०,९४४ मी. धावून जागतिक विक्रम केला. दुखापतीमुळे धावणे सोडल्यावर त्याने १९८५ मध्ये ग्लोबल स्पोर्ट्‌स कम्युनिकेशन ही संस्था काढली. शर्यतींत प्रवेश मिळविणे, करार करणे व त्याबद्दल धावपटूच्या उत्पन्नातून दलाली घेणे हे अशा संस्थांचे काम असते. दलालीचे प्रमाण रूढीने सु. १५ टक्के असते. केन्यातील काप्तागात येथील (उंची सु. २,४०० मी.) शिबिरात या संस्थेचे धावपटू पॅट्रिक सँग या प्रशिक्षकाच्या हाताखाली सराव करतात. सँगने स्वतः १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये ३,००० मी. स्टीपलचेसचे रौप्यपदक मिळविले होते. दोन ऑलिंपिक मॅरॅथॉन (२०१६ व २०२१ मध्ये भरलेल्या) जिंकणारा एलिउड किपचोगे हा याच शिबिरातील होय. शिबिरात झाडलोटीची कामे धावपटू पाळीपाळीने करतात. २०१७ मध्ये डच विमा-कंपनी एनएन हिच्या प्रायोजकत्वाखाली या धावपटूंचा एक आंतरराष्ट्रीय संघ बनविण्यात आला. बूट-उत्पादक नसलेल्या कंपनीने असा संघ पुरस्कृत करणे, ही या व्यवसायातील लक्षणीय घटना होती.

स्थापना : संघ स्थापन करताना प्रथम स्थळाची निवड करावी लागते. समुद्रसपाटीपासून सु. २,००० मी. वा अधिक उंची, मऊ मातीचे रस्ते, सौम्य हवामान व जवळचा विमानतळ या गोष्टी पाहिल्या जातात. विरळ हवेत राहिल्याने रक्तातील तांबड्या पेशी वाढतात व शरीराची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता सुधारते. आरंभी धावपटूंची संख्या बहुधा मोजकीच ठेवतात. मात्र समान वेगाने सोबत धावणारे दोन-तीन जण तरी मिळाले पाहिजेत, कारण परस्परांच्या सोबतीने अवघड सराव पार पडणे हाच संघाचा धावपटूला होणारा खरा लाभ होय.

खर्चाच्या मुख्य बाबी म्हणजे धावपटूंचे मानधन, प्रशिक्षकाचे वेतन, घरभाडे, प्रवास, भौतिकोपचार व वैद्यकीय तपासणी. इमारती वा यंत्रसामग्रीपेक्षा माणसांवरच खर्च अधिक होतो व तो दरमहा करावा लागतो. उत्पन्न मात्र अनियमित असते. मॅरॅथॉनपटू वर्षातून साधारणतः दोनदाच पूर्ण शर्यत धावू शकतो. त्यामुळे सहा महिन्यांच्या तयारीचे फळ एका सकाळवर अवलंबून राहते. २०१८ ची बॉस्टन मॅरॅथॉन थंडी, पाऊस व समोरचा वारा यांत झाली. अनेक नामांकित धावपटूंनी शर्यत अर्ध्यावर सोडली. पूर्णवेळ परिचारिकेची नोकरी करणारी सारा सेलर्स दुसरी आली व तिला ७५,००० डॉलर मिळाले. पारितोषिकांच्या भरवशावर संघाचे अंदाजपत्रक का बांधता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

विस्तार : एकाच प्रायोजकावर विसंबून असलेला संघ त्या प्रायोजकाच्या जाहिरात-धोरणाबरोबर संपतो. म्हणून उत्पन्नाच्या वाटा वाढविणे हाच संघवाढीचा खरा अर्थ होय. त्यासाठी रस्त्यांवरून धावणाऱ्या असंख्य हौशी लोकांकडे संघ वळतात. शुल्क घेऊन सरावाचे वेळापत्रक देणे, शिबिरे भरविणे, संघाच्या नावाचे कपडे विकणे, सरावाची चित्रणे प्रसिद्ध करणे हे त्याचे मार्ग आहेत. उत्तर कॅरोलायना राज्यातील ब्लोइंग रॉक येथील झॅप फिटनेस ही संस्था ना-नफा तत्त्वावर चालते व हौशी धावपटूंसाठी शिबिरे भरविते. फ्लॅगस्टाफच्या संघाने स्कॉट फॉबल या धावपटूच्या २०१८ च्या न्यूयॉर्क मॅरॅथॉनच्या तयारीवर पुस्तकच काढले. बूट-कंपन्यांना संघ हे नव्या उत्पादनाच्या चाचणीचे साधन म्हणूनही उपयोगी पडतात. तळव्यात कार्बनची पट्टी असलेले बूट प्रचारात आल्यावर जागतिक संघटनेला २०२० मध्ये रस्त्यावरील शर्यतींसाठी तळव्याची जाडी ४० मिमी. पर्यंत मर्यादित करावी लागली.

दोष व वाद : अमेरिकन पद्धतीत धावपटू बहुधा नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार असतो. करारातील अटींनुसार ठराविक शर्यती न धावल्यास किंवा क्रमवारीत घसरण झाल्यास मानधन कमी करता येते. म्हणजे दुखापतीची झळ मुख्यतः धावपटूलाच लागते. स्त्रियांच्या बाबतीत हा अन्याय ठळकपणे पुढे आला. गरोदरपणात आपले मानधन थांबविले वा कमी केले गेल्याचे अलिशिया माँटानो, कारा गाउचर इ. धावपटूंनी २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितले. त्यानंतर नायकीने १८ महिन्यांच्या काळात मानधनात कपात न करण्याचे धोरण जाहीर केले व इतर कंपन्यांनीही तशी तरतूद केली.

यशाच्या दडपणातून उत्तेजकांसंबंधीचे गैरप्रकार उद्‌भवतात. सालाझार प्रशिक्षक असलेला नायकीचा ऑरेगन प्रकल्प (स्थापना २००१) त्याच्यावर उत्तेजकविरोधी नियमांच्या भंगाबद्दल चार वर्षांची बंदी आल्यावर ऑक्टोबर २०१९ मध्ये बंद करण्यात आला. प्रशिक्षकाच्या वर्तनामुळे, स्वतः निर्दोष असलेल्या धावपटूंनाही संघ गमवावा लागतो. कंपनी-संघही अभेद्य नाहीत. विख्यात मॅरॅथॉनपटू तोशिहिको सेको ज्या संघातून पुढे आला, तो एस अँड बी फूड्स या कंपनीचा संघ तिने बंद केल्यावर २०१३ मध्ये डीएनए या दुसऱ्या कंपनीने धावपटूंसह स्वीकारला, म्हणून तो विखुरला नाही.

भारतातील स्थिती : भारतात गुणी धावपटूंचा मुख्य आधार म्हणजे सैन्यदले, रेल्वे, पोलीस व सार्वजनिक उपक्रम यांतील नोकरी होय. या दृष्टीने भारतीय पद्धत जपानी पद्धतीला जवळची आहे; मात्र येथे नोकरी देणारी संस्था जाहिरातीच्या लाभासाठी संघ चालवीत नाही. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे (१९९४–  ) हा सैन्यातील महार रेजिमेंटमधून पुढे आला व २०२३ मध्ये (हांगजो आशियाई क्रीडास्पर्धा) ३,००० मी. स्टीपलचेसचा विजेता ठरला. याच प्रकारात २०१६ च्या ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी सातारा जिल्ह्यातील ललिता बाबर हिला रेल्वेचा, तर २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मी. शर्यतीचे ब्राँझपदक मिळविणारी नासिक जिल्ह्यातील कविता राऊत हिला तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचा आधार लाभला. मुंबई मॅरॅथॉन (२००४ पासून) व अन्य शहरांतील शर्यतींमुळे हौशी धावपटूंची व त्यांच्यासाठी खर्च करणाऱ्या प्रायोजकांची संख्या वाढली. परंतु हा पैसा प्रामुख्याने शर्यतींच्या आयोजनाकडे जातो. ग्रामीण भागातून येणाऱ्या धावपटूला कायम नोकरीची शाश्वती ही अल्पकाळच्या मोठ्या मानधनापेक्षा मोलाची वाटते. स्वतंत्र धावसंघ उभारू पाहणाऱ्यास या शाश्वतीला तोड देणारी काही तरतूद करणे येथे आवश्यक ठरते.