वॉलेट भरण्याआधी एकदा पुसून पाहा

ब्राउझरमधून मेटामास्क हे क्रिप्टो वॉलेट काढून टाकलं, तर आतले पैसे जातात का? क्रिप्टोत नव्याने उतरलेल्याला हा प्रश्न हमखास पडतो. फक्त तो सहसा लॅपटॉप फॉरमॅट करून झाल्यावर पडतो. उत्तर सरळ आहे: पैसे जात नाहीत, कारण ते तिथे नव्हतेच. इथर या क्रिप्टोचलनाची नोंद इथेरियमच्या साखळीवर (ब्लॉकचेनवर), जगभरातल्या हजारो संगणकांवर असते. सातबारा तलाठ्याच्या दप्तरी असतो, आपल्या कपाटात नाही, तसंच काहीसं. ब्राउझरच्या कोपऱ्यातल्या कोल्ह्याच्या चित्रामागे असते ती त्या नोंदीवर सही करण्याची किल्ली. ती पुन्हा तयार करता आली, तर सगळं जसंच्या तसं दिसतं. नाही आली, तर शिल्लक सगळ्या जगाला दिसत राहते आणि कुणालाही हलवता येत नाही.

जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली आणि खातेदारांना पैसे काढणं बंद झालं. ‘एक्स्चेंजवर ठेवू नका, स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवा’ हा सल्ला त्यानंतर जो तो देऊ लागला. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. एक्स्चेंजवर पासवर्ड विसरलात तर आधार-पॅन दाखवून खातं परत मिळवता येतं. स्वतःच्या वॉलेटला शाखा नाही, मॅनेजर नाही आणि अर्ज कुणाकडे करायचा हेही नाही. आहेत ते फक्त बारा शब्द.

हे शब्द येतात कुठून? २०१३ मध्ये ‘बिप-३९’ नावाचं एक मानक मांडलं गेलं. त्यात २,०४८ साध्या इंग्रजी शब्दांची यादी आहे. वॉलेट नवं करताना संगणक १२८ बिटांची एक यादृच्छिक संख्या काढतो, तिला ४ बिटांची पडताळणी जोडतो आणि त्या १३२ बिटांचे अकरा-अकराचे बारा तुकडे पाडतो. प्रत्येक तुकडा म्हणजे यादीतला एक शब्द. याच शब्दांपासून गणिताने सगळ्या किल्ल्या आणि सगळे पत्ते निघतात, नेहमी तेच आणि त्याच क्रमाने. म्हणून मेटामास्कमध्ये बनवलेलं वॉलेट हे मानक पाळणाऱ्या दुसऱ्या वॉलेटमध्येही सहसा उघडतं. यादी जपानी, कोरियन, स्पॅनिश, फ्रेंचमध्ये निघाली. मराठी किंवा हिंदीत नाही. शब्द देवनागरीत लिहून ठेवायचा मोह मात्र टाळा. यादीत ‘ॲक्ट’, ‘ॲक्शन’, ‘ॲक्टर’, ‘ॲक्ट्रेस’ आणि ‘ॲक्च्युअल’ हे पाचही आहेत. घाईत, उच्चारावरून लिहिलेलं दोन वर्षांनी वाचताना घोटाळा व्हायला वेळ लागत नाही. रोमन अक्षरांत, स्पेलिंगसकट आणि क्रमांक घालून लिहावं.

ती पहिली संख्या खरोखर यादृच्छिक आहे की नाही, हे वापरणाऱ्याला कळायचा मार्ग नाही, आणि हा या प्रकरणातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्रस्ट वॉलेटच्या ब्राउझर एक्स्टेन्शनमधल्या एका चुकीमुळे काही दिवस अशी वॉलेटं तयार झाली, ज्यांच्या मुळाशी १२८ ऐवजी फक्त ३२ बिट होते. म्हणजे सुमारे ४२९ कोटी शक्यता. आकडा मोठा वाटतो, पण संगणकाला तेवढ्या चाळून काढणं मुळीच अवघड नाही. हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ल्या वेगळ्या उपकरणात ठेवणारी वॉलेटं, बनवणाऱ्या लेजर या कंपनीच्या सुरक्षा पथकाने ही चूक पकडली. एक्स्टेन्शन दुरुस्त झालं, तरी तोवर जन्मलेले शब्द काही दुरुस्त होत नाहीत. त्या लोकांपुढे एकच उपाय होता: नवं वॉलेट काढायचं आणि पैसे तिकडे हलवायचे. मोठी रक्कम असेल तर शब्द ब्राउझरमध्ये जन्मूच देऊ नयेत, हार्डवेअर वॉलेटवर काढावेत, असं म्हणतात ते उगाच नाही.

असे गणिताचे अपघात तुलनेने थोडे. फसवणूक दारातच होते ती जास्त. २०२० मध्ये क्रोमच्या स्टोअरमधून ४९ बनावट एक्स्टेन्शन काढावी लागली. मेटामास्क, लेजर, ट्रेझर अशा नावांनी ती बसली होती आणि आत भरलेले शब्द चोरांकडे पाठवत होती. पुढच्या वर्षी चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने गुगलच्या जाहिरातींतून चालणारा आणखी एक डाव उघड केला. शोधात सगळ्यात वर येणारी जाहिरात खोट्या संकेतस्थळावर न्यायची. तिथे काही वेळा शब्द विचारतच नसत. उलट तुम्हालाच बारा शब्द ‘देत’. ते चोराच्याच वॉलेटचे असत. तुम्ही आनंदाने ते उघडायचं आणि त्यात पैसे भरायचे. डोकं चालवलं आहे, यात शंका नाही. म्हणून गुगलवर शोधू नका. मेटामास्क डॉट आयओ हा पत्ता स्वतः टाइप करा, तिथूनच स्टोअरवर जा, प्रकाशकाचं नाव पाहा. वॉलेटसाठी ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाइल उघडा. कूपन शोधणारी, व्याकरण तपासणारी, पीडीएफ जोडणारी एक्स्टेन्शन त्यात नकोत. त्यांतली कितीतरी तुम्ही उघडलेलं प्रत्येक पान वाचू शकतात.

मग येतो पासवर्ड, आणि इथे बहुतेकांची गल्लत होते. मेटामास्क आधी पासवर्ड ठेवायला सांगतं, म्हणून तोच मुख्य वाटतो. प्रत्यक्षात तो फक्त या संगणकावरच्या, या ब्राउझरमधल्या पेटीचं कुलूप आहे. दुसऱ्या लॅपटॉपवर तो काहीच उघडत नाही. तिथे शब्द भरून नवा पासवर्ड ठेवायचा असतो. उलट शब्द दुसऱ्याच्या हाती लागले असतील, तर पासवर्ड कितीही बदला, काही फरक पडत नाही.

वॉलेट परत मिळवण्याचा क्षण हाच सर्वांत नाजूक, कारण तेव्हा आपण ते शब्द आपल्या हाताने टाइप करत असतो. जून २०२२ मध्ये मेटामास्कने एक गोष्ट जाहीर केली. शब्द भरताना ‘दाखवा’ या चौकटीवर टिचकी मारली असेल, तर ब्राउझर ते नेहमीच्या मजकुरासारखे धरून, बंद पडल्यावर पान पुन्हा उघडण्याच्या सोयीसाठी, डिस्कवर लिहून ठेवू शकत होता. १०.११.३ या आवृत्तीपासून ते सुधारलं. पण सायबर कॅफेत, ऑफिसच्या संगणकावर किंवा दुरुस्तीला जाऊन आलेल्या लॅपटॉपवर शब्द का भरू नयेत, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा: वॉलेट रिकामं असतानाच रंगीत तालीम करा. स्वच्छ संगणकावर वॉलेट काढा, शब्द कागदावर उतरवा, पत्ता वेगळा टिपून घ्या. मग एक्स्टेन्शन काढून टाका, पुन्हा बसवा, ‘आधीचं वॉलेट आणा’ हा पर्याय निवडा आणि फक्त कागद पाहून शब्द भरा. आलेला पत्ता टिपलेल्याशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. ‘चूक आहे’ असा संदेश आला नाही, एवढ्यावर समाधान मानू नका. पडताळणी ४ बिटांचीच असल्याने चुकीचा शब्द किंवा उलटसुलट क्रमही सोळातून साधारण एकदा खपून जातो आणि एक भलतंच, पण अगदी अस्सल, रिकामं वॉलेट उघडतं. शिल्लक शून्य दिसली की लोक चोरी झाली म्हणून हादरतात. तिसरा आणि सातवा शब्द अदलाबदल झालेले असतात, एवढंच. तालीम जमली, तर किरकोळ रक्कम पाठवून पाहा. बाकीची नंतर.

या तालमीत आणखी एक गोष्ट कळते. सगळंच परत येत नाही. एखादं खातं वेगळ्या खासगी किल्लीने आत आणलेलं असेल, तर ते त्या बारा शब्दांत नसतं. त्याची किल्ली स्वतंत्र जपावी लागते. हाताने जोडलेली नेटवर्क, टोकन, खात्यांना दिलेली नावं, हेही पुन्हा भरावं लागू शकतं. टोकन दिसत नाही म्हणजे गेलं असं नाही.

कागद कुठे ठेवायचा? दोन ठिकाणी, आणि कोकणातल्या पावसाळ्यात पाणी लागलं की पसरणाऱ्या जेल पेनने लिहिलेला तर नकोच. काही जण धातूच्या पट्टीवर अक्षरं ठोकून घेतात. फोटो मात्र काढू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने ‘स्पार्ककॅट’ नावाचा एक घातक प्रोग्राम उघड केला. गुगल आणि ॲपल दोघांच्याही अधिकृत स्टोअरमधल्या काही ॲपमध्ये तो दडला होता आणि फोनच्या गॅलरीतल्या चित्रांवरचा मजकूर वाचून असेच शब्द शोधत होता.

शब्द चुकीच्या जागी भरले गेलेच, तर लगेच नव्या शब्दांचं नवं वॉलेट काढून असेल ते तिकडे हलवावं. चोराची स्वयंचलित यंत्रणा जागीच असते, त्यामुळे मिनिटं मोजावी लागतात. गेलेले पैसे साखळीवरून मागे घेता येत नाहीत, तरी १९३० या हेल्पलाइनवर आणि सायबर पोलिसांकडे व्यवहारांच्या क्रमांकांसह तक्रार नोंदवावी, कारण चोर ते रुपयांत बदलायला एखाद्या एक्स्चेंजवर आला तर तिथे गोठवायची थोडी शक्यता उरते. समाजमाध्यमांवर हळहळ लिहिलीत, तर तासाभरात ‘रिकव्हरी तज्ज्ञां’चे मेसेज सुरू होतील. ते नम्रपणे बोलतील, आधी थोडी फी मागतील आणि मग ‘वॉलेट सिंक करायला’ नव्या वॉलेटचे बारा शब्द.