सौरऊर्जा : घरासाठी, व्यवसायासाठी व देवस्थानासाठी



छतावर सोलर पॅनेल बसवले की वीज गेली तरी घरातील दिवे चालू राहतील, असा समज आपल्याकडे बराच रूढ आहे. नार्व्यासारख्या गावात पावसाळ्यात एखादा माड तारांवर कोसळतो, गावभर काळोख होतो, आणि हा समज बाळगणाऱ्यांची निराशा होते. म्हणून खर्च करण्यापूर्वी ही व्यवस्था कशी चालते, हे समजून घेणे इष्ट ठरेल.

पॅनेल हे सिलिकॉनच्या पातळ चकत्यांचे बनलेले असते. त्यांवर प्रकाश पडताच विद्युतप्रवाह निर्माण होतो. हा परिणाम १८३९ साली फ्रेंच शास्त्रज्ञ एदमों बेकरेल यांना प्रथम आढळला. उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा घट मात्र १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला. पॅनेलमधील एकदिश वीज घरच्या उपकरणांना चालत नाही. तिचे रूपांतर इन्व्हर्टर करतो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी : पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नव्हे. २५ अंशांवर तापमान गेले की प्रत्येक अंशामागे उत्पादन सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते. पॅनेल आणि छप्पर यांमध्ये वारा खेळण्यास जागा सोडतात ती याचसाठी.

१ किलोवॉट क्षमतेला साधारण १०० चौरस फूट मोकळे छप्पर लागते. निरभ्र दिवशी त्यातून सुमारे ४ युनिट वीज मिळते; आषाढ-श्रावणात अर्थातच बरीच कमी. दिवसा वापरून उरलेली वीज सरकारी तारांत जाते, रात्री आपण ती तिथूनच परत घेतो, आणि मीटर दोन्ही बाजूंची नोंद ठेवतो. यालाच नेट मीटरिंग म्हणतात. गोव्यासाठी त्याचे नियम संयुक्त विद्युत नियामक आयोग ठरवितो.

आता त्या काळोखाविषयी. तारांतील वीज गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो, मग बाहेर लख्ख ऊन का असेना. हा दोष नसून मुद्दाम केलेली योजना आहे. तसे न झाल्यास आपल्या छतावरील वीज तारांत शिरेल आणि खांबावर चढलेल्या लाईनमनचा जीव जाईल. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील, तर बॅटरी आणि तिला साजेसा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो. पॅनेल २५ वर्षे टिकते; बॅटरी त्यापूर्वीच बदलावी लागते. आमच्या मते सगळे घर बॅटरीवर घेण्याचा अट्टाहास करू नये. चार दिवे, दोन पंखे एवढ्यापुरती छोटी बॅटरी पुष्कळ झाली.

घरांसाठी केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘प्रधानमंत्री सूर्यघर’ योजना सुरू केली. तीत १ किलोवॉटला ३०,०००, २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किंवा अधिक किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. पॅनेल भारतीय बनावटीचेच लागते, आणि रक्कम काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर बँकेच्या खात्यात जमा होते. म्हणजे आधी पैसा आपण उभा करावयाचा. ‘३०० युनिट मोफत’ याचा अर्थही नीट घ्यावा. शासन युनिट वाटत नाही, ती आपल्याच छपरावर तयार व्हावी लागतात.

दुकाने, कारखाने व देवस्थाने यांना हे अनुदान नाही. व्यवसायास आयकरात ४० टक्के दराने घसारा मिळतो. काजूच्या कारखान्यासारखा ज्याचा वापर दिवसाउजेडी होतो, त्याला लाभ अधिक. देवस्थानाचा पैसा भाविकांचा असतो, म्हणून वर्षाची वीजबिले समोर ठेवून हिशेब केल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

जागेचाही विचार हवा. नार्व्याचे श्रीसप्तकोटेश्वर मंदिर छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली उभारविले, आणि २०२३ साली त्याचा जीर्णोद्धार पूर्ण झाला. अशा मंदिराचे कौलारू छप्पर वा घुमट ही पॅनेलची जागा नव्हे. अग्रशाळा, सभागृह, वाहनांची शेड हीच योग्य ठिकाणे होत. शिवाय सौरऊर्जा म्हणजे केवळ वीज नव्हे. शिर्डीच्या प्रसादालयावर २००९ साली ७३ परावर्तक तबकड्या बसविण्यात आल्या आणि त्यांच्या वाफेवर हजारो भाविकांचा स्वयंपाक होऊ लागला. ज्या देवस्थानात महाप्रसाद मोठा, तेथे निदान पाणी तापविण्याचे सौरयंत्र आधी बसवावे. ते स्वस्त पडते.

आपल्या भागात पॅनेल दक्षिणेकडे, सुमारे १५ अंश कलते ठेवावे. माडाच्या एका झावळीची सावलीही क्षुल्लक मानू नये : चकत्या एकामागून एक जोडलेल्या असल्याने थोड्या सावलीने मोठा भाग मंदावतो. डिचोलीच्या खाणपट्ट्यातील तांबडी धूळ पावसाळा संपल्यावर काचेवर साचत जाते. ती पंधरवड्यातून एकदा साध्या पाण्याने धुवावी, तीही सकाळी ऊन चढण्यापूर्वी. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतल्यास तिला तडा जाऊ शकतो.